पत्ता आणि संबोधन : अमेरिकेतील जुन्या समलिंगी कामपटांविषयी

मराठीत 'मूकपट', 'बोलपट', 'लघुपट', 'अनुबोधपट' हे शब्द सहज रुळले. परंतु ज्या चित्रपटांचा उघड विषय कामव्यवहार हाच असतो त्यांच्यासाठी भाषेत निर्विकार असा शब्द आढळत नाही. 'अश्लील चित्रपट' म्हटले की निर्णय आधी होतो व विचार मागाहून येतो. बाजारातील 'ब्लू फिल्म' हा शब्द कुजबुजीचा आहे, त्याला अभ्यासाच्या खोलीत आणले तर तो अवघडून उभा राहतो. प्रस्तुत लेखात 'कामपट' हा शब्द योजिला आहे तो एवढ्याचसाठी, की वरील शब्दांच्या पंगतीत तो निमूट बसतो आणि स्तुती वा निंदा यांपैकी काहीच आधी पदरात घालीत नाही.

अमेरिकेतील समलिंगी पुरुषांच्या कामपटांचा इतिहास आता बऱ्यापैकी लिहिला गेला आहे. टॉमस वॉ यांचा १९९६ सालचा बृहद्ग्रंथ छायाचित्रांपासून आरंभ करून १९६९ च्या स्टोनवॉल प्रकरणापर्यंत येतो. जेफ्री एस्कोफिये यांचे २००९ चे पुस्तक तेथून पुढची वाट दाखविते. आणि लिंडा विल्यम्स यांनी १९८९ मध्ये मांडलेले 'अधिकाधिक दृश्यते'चे तत्त्व, ते मुख्यतः स्त्रीपुरुषांच्या कामपटांवरून काढलेले असले तरी, या क्षेत्रातही प्रमाण मानले जाते. या लेखनाविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट नोंदविणे प्राप्त आहे. या सर्व कथनांचे सूत्र जवळजवळ एकच असते : प्रथम लंगोट होता, मग लंगोट गेला, प्रथम सूचन होते, मग दर्शन आले. म्हणजे इतिहासाची प्रगती वस्त्रांच्या इंचांनी मोजावयाची. हे सूत्र खोटे नाही. पण ते जो प्रश्न विचारते तो पडद्यावर काय दिसले एवढाच आहे. ते कोणाला उद्देशून दाखविले, त्याच्यापर्यंत ते कसे पोहोचले आणि पोहोचताना वाटेत कोणी उघडून पाहिले, हे प्रश्न बाजूला पडतात. इंग्रजीत टपालावरचा पत्ता आणि बोलण्यातील संबोधन या दोहोंना एकच शब्द आहे. मराठीत ते दोन आहेत, आणि त्यामुळे त्यांचा संबंध मराठी वाचकास थोडा प्रयत्नाने जोडावा लागतो. या कामपटांच्या बाबतीत तो जोडल्यावाचून इतिहास नीट लागत नाही, असे येथे प्रतिपादन आहे.

आरंभ पडद्यापासून नव्हे, टपालपेटीपासून करावा लागतो. १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्याने अश्लील मजकूर टपालाने पाठविणे हा गुन्हा ठरविला, आणि त्यानंतर जवळजवळ शतकभर अमेरिकेत अश्लीलतेची सीमा आखण्याचे काम न्यायाधीशांइतकेच पोस्टमास्तरांनी केले. बॉब मिझर याने १९४५ मध्ये लॉस एंजेलिस येथे 'अ‍ॅथलेटिक मॉडेल गिल्ड' ही संस्था काढली व १९५१ मध्ये 'फिझिक पिक्टोरियल' हे नियतकालिक सुरू केले. वरकरणी विषय व्यायामाचा. पण ग्राहक कोण हे मिझरला ठाऊक होते आणि ग्राहकालाही ते त्याला ठाऊक आहे हे ठाऊक होते. नियतकालिकातील छायाचित्रे व पुढे कुस्तीचे, खलाशांचे, रोमन योद्ध्यांचे छोटे मूक चित्रपट ही सर्व सामग्री टपालाने मागवावयाची. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास येथे एक विशेष वस्तू सापडते. १९६० नंतरच्या काळात मिझर तरुणांच्या छायाचित्रांजवळ लहान लहान चिन्हे छापू लागला. त्यांवरून त्या तरुणाचा स्वभाव व कल जाणत्या वाचकाला कळत असे. इतरांना ती केवळ नक्षी. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो हे भाषाशास्त्राचे प्राथमिक सूत्र; ज्या समाजाला स्वतःचे नावच उच्चारता येत नव्हते त्याने त्या यादृच्छिकतेचा आश्रयासाठी उपयोग केला, हे त्या सूत्राचे एक अनपेक्षित उदाहरण म्हणता येईल. टॉम ऑफ फिनलंड या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या चित्रकाराची चित्रे १९५७ मध्ये प्रथम याच पानांवर आली, आणि डेव्हिड हॉकनी याने कॅलिफोर्निया पाहण्यापूर्वीच १९६३ मध्ये रंगविलेल्या एका घरगुती दृश्याचा उगमही याच नियतकालिकात आहे. लंडनमधील एका तरुण चित्रकाराच्या मनात लॉस एंजेलिस शहर टपालाने आले होते.

न्यायालयीन इतिहास हाही त्या काळात टपालाचाच इतिहास आहे. १९५७ च्या रॉथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अश्लीलतेची नवी कसोटी सांगितली, तो खटला टपालाने पाठविलेल्या मजकुराचा. १९५८ मध्ये 'वन' या समलिंगी नियतकालिकाच्या बाजूने निर्णय लागला. तेथे प्रतिवादी लॉस एंजेलिसचे पोस्टमास्तर होते. न्यायालयाने त्यावेळी विस्ताराने काही लिहिले नाही. रॉथ निर्णयाचा हवाला देऊन खालचा निकाल फिरविला, एवढेच. १९६२ मध्ये मॅन्युअल एंटरप्रायझेस या प्रकाशनसंस्थेच्या खटल्यात प्रतिवादी स्वतः पोस्टमास्टर जनरल डे. तेथे न्यायमूर्ती हार्लन यांनी अशा नियतकालिकांविषयीची आपली नावड लपविली नाही. तथापि समाज ज्या प्रकारची स्त्रीदेहाची चित्रे सहन करतो त्याहून ही पुरुषचित्रे अधिक आक्षेपार्ह आहेत असे म्हणता येत नाही, असे मत त्यांनी दिले. येथे स्तुतीचा एक शब्दही नाही, आणि तरी टपाल मोकळे झाले.

याच सुमारास भारतात काय चालले होते याची आठवण तुलनेसाठी उपयोगी पडेल. मुंबईतील एका पुस्तकविक्रेत्याविरुद्धच्या रणजित उदेशी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये इंग्लंडातील १८६८ च्या हिक्लिन कसोटीचाच अंगीकार केला. मराठी वाचकांच्या अधिक जवळचे उदाहरण चंद्रकांत काकोडकर यांच्या 'शामा' या कथेचे. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात ती प्रसिद्ध झाली, लेखकाला न्यायालयात जावे लागले, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अश्लील नाही असा निर्वाळा दिला. दोन्ही देशांतील फरक कसोटीच्या उदारपणाचा आहे असे सामान्यतः म्हटले जाते. त्याहून एक सूक्ष्म फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. हिक्लिनची कसोटी विचारते : हे पुस्तक कोणाच्या हाती पडू शकेल? ती सर्वांत दुबळ्या, कल्पित वाचकाला समोर ठेवते. ज्याला मजकूर उद्देशून आहे तो वाचक तिच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. १९५०-६० च्या दशकांतील अमेरिकन समलिंगी नियतकालिकांचा सारा झगडा, ज्याला उद्देशून लिहिले त्याच्याच हाती ते पडावे यासाठी होता.

टपालाने जे पाठविता येत नव्हते त्याचे सर्वांत तीव्र रूप मात्र अमेरिकेत नव्हे, फ्रान्समध्ये निर्माण झाले. झाँ जने याचा 'अन शाँ दामूर' हा १९५० चा मूकपट सव्वीस मिनिटांचा आहे. शेजारशेजारच्या कोठड्यांतील दोन कैदी, मधली भिंत, भिंतीतील बारीक छिद्रातून गवताच्या काडीने एकाने सोडलेला धूर दुसरा तोंडात घेतो, आणि हे सर्व पाहणारा पहारेकरी. धूर हा येथे शब्दाच्या जागी आला आहे, काडी ही पत्राच्या जागी, आणि पहारेकरी हा उघडून वाचणाऱ्या टपाल अधिकाऱ्याच्या जागी, असे म्हटल्यास ते रूपक ओढूनताणून होणार नाही. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे हा चित्रपट दाखविण्यावरून खटला झाला; १९६६ मध्ये तेथील अपील न्यायालयाने त्याला अश्लील ठरविले व १९६७ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. ज्या कृतीत दोन माणसे एकमेकांना क्वचितच स्पर्श करू शकतात तीच कृती निषिद्ध ठरावी, ही गोष्ट इंचांनी मोजणाऱ्या इतिहासाला समजावून सांगता येणार नाही.

१९६८ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या पार्क थिएटरमध्ये समलिंगी चित्रपटांचे जाहीर खेळ सुरू झाले. तेथे गाजलेला पॅट रॉको हा आज काहीसा उपेक्षित दिग्दर्शक. त्याच्या लघुपटांत देह उघडे आहेत, पण विषय बहुधा प्रेमाचा, बागेचा, हातात हात घालून चालण्याचा. धीटपणाच्या कसोटीवर तो मागासलेला ठरतो. परंतु ज्या प्रेक्षकाने तोपर्यंत आपले चित्रपट बंद पाकिटातून मागविले आणि पडदे ओढून एकट्याने पाहिले, तो आता तिकीट काढून अनोळखी माणसांच्या शेजारी बसला होता. त्याच्यासाठी नवे काय होते? पडद्यावरचे थोडे, आणि शेजारच्या खुर्चीतले पुष्कळ. सॅम्युएल डिलेनी यांनी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील चित्रपटगृहांविषयी १९९९ मध्ये जे पुस्तक लिहिले त्याचा गाभा हाच आहे : तेथे निरनिराळ्या वर्गांचे व वर्णांचे लोक एकमेकांना भेटत, आणि ती गृहे पाडल्यावर ती भेट पुन्हा कोठे घडली नाही.

वेकफील्ड पूल याचा 'बॉइज इन द सँड' हा चित्रपट २९ डिसेंबर १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्टी-फिफ्थ स्ट्रीट प्लेहाउसमध्ये लागला. या चित्रपटाची कीर्ती आता एवढी झाली आहे की तो पाहण्यापूर्वीच त्याच्याविषयी सारे ऐकलेले असते : पूल हा मूळचा बॅले नर्तक व ब्रॉडवेवरील नृत्यदिग्दर्शक, खर्च काही हजार डॉलरांचाच, त्याने स्वतःचे खरे नाव श्रेयनामावलीत घातले, 'व्हरायटी'ने परीक्षण छापले, आणि स्त्रीपुरुषांच्या ज्या 'डीप थ्रोट'चा गाजावाजा झाला तो सहा महिन्यांनी नंतरचा. नावातही एक खोड आहे. मार्ट क्राउली याच्या 'द बॉइज इन द बँड' या १९६८ च्या नाटकातील समलिंगी पुरुष खोलीत कोंडलेले, बोलके आणि दुःखी आहेत. पूलचे पुरुष उन्हात, वाळूत आहेत आणि मुळीच बोलत नाहीत.

न बोलण्याचे कारण प्रथमतः आर्थिक आहे. सोळा मिलिमीटरच्या हलक्या कॅमेऱ्यावर ध्वनी सोबत मुद्रित होत नसे; संगीत मागाहून घालावयाचे. पण गरजेतून शैली निघते याचे हे चांगले उदाहरण होय. चित्रपटाचे तीन भाग आहेत. पहिल्यात कॅसी डोनोवन समुद्रातून वर येतो, आणि प्रेक्षकांना आठवतो तो हाच. समीक्षेने मात्र दुसऱ्याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे होते. त्यात फायर आयलंडवरील घरात एकटा असलेला नायक छापील पानांत एक जाहिरात वाचतो, पत्र लिहितो, टपालात टाकतो आणि वाट पाहतो. यथावकाश एक पुडके येते. त्यातील गोळी तो तलावाच्या पाण्यात टाकतो आणि पाण्यातून एक सुंदर पुरुष बाहेर येतो. मिझरच्या ग्राहकांनी वीस वर्षे जे केले तेच हे. फरक एवढाच, की पाकिटातून येथे प्रतिमेऐवजी माणूस निघाला. त्याच वर्षाच्या मे महिन्यात रायडेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की असे साहित्य घरात बाळगण्याचा अधिकार माणसाला असला (तो १९६९ च्या स्टॅन्ले निर्णयाने मिळाला होता) तरी ते त्याला टपालाने पाठविण्याचा अधिकार कोणास नाही. पूलने तो निर्णय डोळ्यांसमोर ठेवला होता असे सुचवावयाचे नाही. परंतु १९७१ च्या डिसेंबरात त्या चित्रपटगृहात बसलेल्या माणसाला ते पुडके सुखरूप पोहोचल्याचा आनंद केवळ परीकथेचा वाटला असेल असे मानणे कठीण आहे.

तिसऱ्या भागात या सुखाची सीमाही दिसते. नायक घरातून एका टेलिफोन-दुरुस्ती कामगाराकडे पाहतो. तो कृष्णवर्णी आहे. सारा भाग नायकाच्या कल्पनेत घडतो की प्रत्यक्षात, हे शेवटपर्यंत सरमिसळ ठेवले आहे. गोऱ्या नायकाला समुद्र आहे, जाहिरात आहे, लिहावयास कागद आहे. दुसऱ्यांच्या तारा जोडणाऱ्याला मात्र स्वतःचे असे काहीच दिलेले नाही; तो पाहिला जातो एवढेच. पूलच्या चाहत्यांनी या भागाचे कौतुक त्याच्या स्वप्नमयतेसाठी केले आहे. ते कौतुक मान्य करूनही येथे संबोधनाची दिशा एकेरी आहे, आणि तसे सांगितल्याने चित्रपटाचे मोल कमी होत नाही.

फ्रेड हॉलस्टेड याच्या 'एल. ए. प्लेज इटसेल्फ' (१९७२) विषयी येथे थोडक्यात लिहिणे भाग आहे. अरण्यातील दोन पुरुषांच्या शांत प्रसंगात बुलडोझर शिरतात आणि चित्रपट शहरात येतो. मग पडद्यावर रस्ते, आणि ध्वनिपट्टीवर दोन आवाज : एक जाणता, एक टेक्ससहून नुकताच आलेला नवखा. आवाज एकमेकांवर चढतात. शब्द अर्धे कळतात. पूलच्या मौनानंतर अवघ्या काही महिन्यांनी आलेली ही भाषा मैत्रीची नाही, ती सावज घेरण्याची आहे, आणि चित्रपटाचा शेवटचा क्रूर भाग तिच्याशी सुसंगत आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने या चित्रपटाला आपल्या संग्रहात स्थान दिले, आणि टॉम अँडरसन याने २००३ मध्ये त्याचेच नाव थोडे बदलून आपल्या अनुबोधपटाला दिले. श्रेष्ठ कृती म्हणून हॉलस्टेडचा चित्रपट पूलच्या चित्रपटापेक्षा वरच्या पायरीवर ठेवावा लागेल, तो आवडो वा न आवडो.

पत्राचा धागा पूर्णत्वास नेला तो आर्थर ब्रेसन याने. त्याच्या 'पासिंग स्ट्रेंजर्स' (१९७४) मध्ये सान फ्रान्सिस्को परिसरातील दोन पुरुष वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातीतून एकमेकांस सापडतात. जाहिरातीत वॉल्ट व्हिटमनचा आधार आहे आणि चित्रपटाचे नावही त्याच कवीकडून आले आहे. भेट होईपर्यंतचा काळ पत्रांचा. पत्रे निवेदनाच्या आवाजात ऐकू येतात, चित्र कृष्णधवल राहते, आणि भेटीनंतर रंग येतात. पुढे दोघे समलिंगी मुक्तीच्या खऱ्याखुऱ्या मिरवणुकीत मिसळतात. येथे आर्थिक अडचणीचे व्याकरण झालेले दिसते : सोबतचा ध्वनी नाही म्हणून निवेदन, निवेदन म्हणून पत्र, पत्र म्हणून द्वितीय पुरुष. कामपटात 'तू' हे सर्वनाम इतक्या गांभीर्याने क्वचितच आले असेल. 'फॉरबिडन लेटर्स' (१९७९) मध्ये पत्रे तुरुंगातील प्रियकरासाठी आहेत, म्हणजे तिसऱ्याची नजर पुन्हा मध्ये आली. जनेची भिंत एकोणतीस वर्षांनी परत उभी राहिली, फक्त यावेळी धुराऐवजी वाक्ये होती.

सर्वच उत्तम कामपट या सूत्रात बसत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. जो गेज या नावाने दिग्दर्शन करणाऱ्याची 'कान्सास सिटी ट्रकिंग कं.' (१९७६), 'एल पासो रेकिंग कॉर्प.' (१९७८) आणि 'एल. ए. टूल अँड डाय' (१९७९) ही त्रयी रस्त्याची आहे. तिच्यातील मजुरांना कोणी पत्र लिहीत नाही; ते मालमोटारीत बसतात आणि भेटतात. तरीही तिसऱ्या चित्रपटात शोध कोणाही माणसाचा नव्हे, एका विशिष्ट माणसाचा आहे, हे चोखंदळ प्रेक्षकाच्या नजरेतून सुटणार नाही. पीटर डी रोम याने आठ मिलिमीटरवर केलेले लघुपट तर आरंभी मित्रांना दाखविण्यासाठीच होते. त्याची भावंडे म्हणून पत्रापेक्षा खाजगी दैनंदिनीकडे बोट दाखवावे लागेल.

१९८० नंतर व्हिडिओ कॅसेट आली. चित्रपटगृह मागे पडले, प्रेक्षक घरी परतला, कॅसेटी पुष्कळदा टपालानेच येऊ लागल्या. म्हणजे मिझरचा व्यापार फिरून आला. पण चित्रपटांच्या आतले पत्र मात्र बहुतांशी नाहीसे झाले. आता सोबतचा ध्वनी स्वस्त होता. पात्रे बोलू लागली, आणि त्यांच्या बोलण्याला फारसा अर्थ उरला नाही. याच वेळी, जून १९८१ मध्ये, एड्सची पहिली नोंद झाली. ब्रेसनने १९८५ मध्ये 'बडीज' केला. तो कामपट नव्हे, एड्सवरील पहिला कथापट होय. रुग्णालयाच्या खोलीत एक रुग्ण आणि त्याच्या सोबतीला येणारा स्वयंसेवक. चेहरे दिसतात ते या दोघांचे, बाकीचे केवळ आवाज. आरंभी छपाईयंत्रातून मृतांच्या नावांची यादी सरकत राहते. त्या नावांना आता पत्ता नाही. ब्रेसन स्वतः १९८७ मध्ये गेला.

या पार्श्वभूमीवर आजच्या विक्रेत्यांचा आवडता 'व्हिंटेज' हा शब्द तपासून पाहावा. मूळ अर्थ द्राक्षांचा हंगाम. म्हणजे जुनेपणामुळे चव वाढते असे त्यात गृहीत आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये डी रोमचे चित्रपट प्रसिद्ध केले, ब्रेसनचे चित्रपट दुरुस्त होऊन पुन्हा दाखविले गेले, या गोष्टी अभ्यासाच्या दृष्टीने अमोल आहेत. त्या झाल्या नसत्या तर प्रस्तुत चर्चाच शक्य नव्हती. परंतु या पुनरुद्धाराभोवती जे लिहिले जाते त्यात १९७० चे दशक हा एक निष्पाप सुवर्णकाळ म्हणून रंगविला जातो, आणि प्रत्येक चौकटीवर पुढच्या मृत्यूची सावली घालून ती सुंदर केली जाते. हॉलस्टेडचा चित्रपट ज्याने पाहिला आहे त्याला हा निष्पापपणा कोठे असतो ते सांगता येणार नाही.

याहून अवघड प्रश्न संमतीचा आहे. या चित्रपटांतील पुरुषांनी, पुष्कळदा टोपणनावाने, एका विशिष्ट प्रेक्षकासमोर येण्यास संमती दिली होती : शहरातील काही चित्रपटगृहे, काही टपालपेट्या, आणि ज्यांना खुणा कळत होत्या असे लोक. आजची सुस्पष्ट प्रत कोणाच्याही पडद्यावर पोहोचते. जे हयात आहेत त्यांना विचारता येते आणि काही संग्राहकांनी तसे केलेही आहे. जे नाहीत त्यांच्या वतीने कोण बोलणार? संशोधन थांबवावे असा याचा अर्थ नव्हे. पण विद्यार्थ्याने अशा चित्रपटातील चौकट प्रबंधात छापण्यापूर्वी त्या देहाचे नाव उपलब्ध आहे काय, ते टोपण आहे काय, आणि टोपणनावामागचे खरे नाव उघड करण्याची आपणास खरोखर गरज आहे काय, हे तीन प्रश्न लेखी स्वरूपात सोडवून ठेवले पाहिजेत. जाणत्या वाचकापुरती छापलेली मिझरची चिन्हे आज कोणीही उलगडू शकतो. ती ज्यांच्या छायाचित्रांजवळ छापली होती त्यांपैकी काहीजण त्यावेळी विशीत होते आणि आज वार्धक्यात असतील.